मेलेल्यांशी नातं

‘फॅमिली टाइज’ ही अमेरिकी मालिका १९८२ ते १९८९ या काळात एनबीसीवर चालली. श्रेयनामावली संपली की जेमतेम तीन-चार सेकंद एक छायाचित्र यायचं. काळा लॅब्राडोर, तोंडात फ्रिस्बी, मागे पॅरिसची त्विलरी बाग. त्यावर एक पुरुषी आवाज म्हणायचा, “सिट, उबू, सिट. गुड डॉग.” मग एक भुंकणं, आणि संपलं. आवाज मालिकेचा निर्माता गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग याचा, कुत्रा त्याचाच, आणि कंपनीचं नाव उबू प्रॉडक्शन्स.

१९८५ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीला आले. इंग्रजी कानावर पडावं म्हणून गुरुवारी रात्री ही मालिका बघायचे. उबू १९८४ मध्येच गेला होता, हे मला खूप वर्षांनी वाचनात आलं. म्हणजे मी ऐकलेली प्रत्येक हाक मेलेल्या कुत्र्याला होती. मालिका बदलत गेल्या, तरी २००२ साली ‘स्पिन सिटी’ संपेपर्यंत त्याला ‘बस’ म्हणणं चालूच राहिलं.

गोल्डबर्ग आधी एमटीएम या कंपनीत होता. तिच्या बोधचिन्हात एमजीएमच्या सिंहाच्या जागी म्याँव करणारं मांजराचं पिल्लू होतं. ती थट्टा होती, आणि छान होती. उबूचं तसं नव्हतं. गोल्डबर्गला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा तो आणि त्याची सहचरी याच कुत्र्याला घेऊन युरोपभर भटकले होते. पुढे यश आलं, त्यात उबूचा हात काहीच नव्हता. एक ओळही त्याने लिहिली नव्हती. तरी सगळ्या श्रेयांनंतरची शेवटची जागा त्याला मिळाली.

गेलेल्या जिवाशी असं बोलत राहणं योग्य की तो निव्वळ मोह? माझे वडील, आमचे अण्णा, मोह म्हणाले असते. ते साताऱ्याला शाळेत संस्कृत शिकवायचे आणि महाप्रस्थानिक पर्व त्यांच्या विशेष आवडीचं. युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोचतो, बरोबर फक्त कुत्रा. कुत्रा बाळगणाऱ्याला इथे जागा नाही, असं इंद्र सांगतो. आश्रयाला आलेल्याला मी टाकणार नाही, असं युधिष्ठिर म्हणतो. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णा थांबायचे ते पुढच्या प्रश्नाशी. इंद्र म्हणतो, वाटेत पडलेले भाऊ आणि द्रौपदी यांना तू सोडून आलास, मग या कुत्र्यालाच का सोडवत नाही? त्यावर युधिष्ठिराचं उत्तर असं की मेलेल्यांशी ना सख्य करता येतं ना वैर. त्यांना परत जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं, आणि जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. कर्तव्य जिवंतांशी असतं, मरणापाशी ते संपतं. या उत्तराइतकं स्वच्छ बोलणं साऱ्या महाभारतात नाही, असं अण्णांचं मत होतं.

मला ते मान्य नाही, आणि साक्षीला मी युधिष्ठिरालाच बोलावते. युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी मृतांना पाणी देण्याची वेळ आली तेव्हा कुंतीने कर्णाचं सत्य सांगितलं. त्यानंतर युधिष्ठिराने कर्णाला थोरला भाऊ म्हणून तिलांजली दिली. कर्ण जिवंत असेपर्यंत त्या दोघांत फक्त वैर होतं. भावाचं नातं जुळलं ते तो मेल्यावर, ओंजळभर पाण्यात. ज्याने हे अनुभवलं त्याने मेलेल्यांशी काही जुळत नाही असं म्हणू नये.

गोल्डबर्गच्या त्या वाक्यांत दोन वेगळी कामं आहेत. ‘बस’ ही आज्ञा. ती पाळायला कुत्रा हवा, ऐकायला कान हवेत; तिथे युधिष्ठिर बरोबर आहे. ‘गुणी कुत्रा आहेस’ ही मात्र साक्ष आहे. तो जीव चांगला होता हे सत्य त्याच्याबरोबर मरत नाही, आणि ते बोलून दाखवण्याचं ऋण ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर राहतंच.

अण्णा इथे भरत राजा पुढे करायचे. हरणाच्या पाडसात जीव गुंतला आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. पण भागवतातला भरत पाडसापायी सगळी साधना सोडून बसला होता, ते दिसेनासं झालं की कासावीस व्हायचा. गोल्डबर्गने आठवडाभराचं काम पुरं करून मग नाव घेतलं. काम सोडायला लावते ती आसक्ती. काम पुरं झाल्यावर जी नाव घेते तिला मी कृतज्ञता म्हणते.

महाभारतातल्या त्या गोष्टीत आणखी एक मला खटकतं. शेवटी कुत्रा साक्षात धर्म निघतो. नामदेवांच्या गोष्टीतही तेच: पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावतात आणि त्या कुत्र्यात विठ्ठल असतो. आतून देव निघाला नसता तर काय ते प्रेम वाया गेलं असतं? युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याच्यापुढे कुत्राच होता. उबूमधून कोणी देव प्रकटला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

त्या काळी घरून पत्रांऐवजी कॅसेट यायच्या. अण्णांची एक अजून माझ्याकडे आहे. तिच्यात ते विचारतात, “जेवलीस का?” त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी ती लावते तेव्हा मोठ्याने सांगते, “जेवले, अण्णा.” याला कोणी मोह म्हणो. लेकीने बापाला उत्तर देणं मला कर्तव्यच वाटतं.

जून २०१३ मध्ये गोल्डबर्गही गेला.

आपल्या तर्पणात ब्रह्मदेवापासून गवताच्या पात्यापर्यंत सर्वांना पाणी दिलं जातं. एवढ्या पसाऱ्यात कुत्र्या-मांजरांना आणि दावणीच्या बैलाला जागा आहेच. यंदा सर्वपित्री अमावास्येला घरी तर्पण होईल तेव्हा आपल्या गेलेल्या मुक्या जिवाचंही नाव घ्या, आणि तो कसा होता हे घरातल्या मुलांना ऐकू जाईल असं सांगा.