नाही म्हणजे नेमकं काय नाही?

ट्रू आणि फॉल्सचा धडा मुलं सगळ्यात लवकर उरकतात. खरं किंवा खोटं, त्यात शिकायचं काय? शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळच्या खोलीत मी पायथन शिकवते आणि मला नेमकं तिथंच रेंगाळावंसं वाटतं.

गणपतीआधी एका मुलानं मंडळाच्या वर्गणीचा प्रोग्राम लिहून आणला. ज्या नावापुढे रक्कम नाही, त्या घरी कार्यकर्ते पाठवायचे. अट लिहिली होती, 'इफ नॉट रक्कम'. यादीत एका आजींचं नाव आलं. त्यांनी पोरांना घरात बसवून, पाणी देऊन सांगितलं होतं, "यंदा नाही जमायचं रे." म्हणून त्यांच्यापुढे शून्य होतं. ज्या दाराची कडी कुणी वाजवलीच नव्हती, तिथं नन होतं, म्हणजे पायथनच्या भाषेत 'नोंदच नाही'. अशा अटीत शून्य, नन, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट हे सगळं पायथन फॉल्सच धरतो. आजींना तेच पुन्हा सांगायला लागलं असतं.

"पण काकू, पैसे दोन्हीकडे नाहीतच ना?"

हा प्रश्न नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांच्या दारातला. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त सात पदार्थ, म्हणजे जाणण्याजोग्या गोष्टींचे वर्ग, आहेत, त्यांतला सातवा अभाव. त्याचेही चार प्रकार: घडा घडण्यापूर्वीचा प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, तिन्ही काळी नसण्याचा अत्यंताभाव, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. कशाचा अभाव आणि कुठे, हेही सांगावं लागतं. त्याहून मला मोलाची वाटते ती त्यांची दुसरी अट. असती तर दिसलीच असती अशी वस्तू दिसली नाही, तरच 'नाही' म्हणायचा अधिकार. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यानं तो तिथं नाही असं ठरत नाही. कडी न वाजवता 'वर्गणी नाही' कसं म्हणणार?

जॉर्ज बूलनं १८५४ साली विचाराचे नियम १ आणि ० यांच्या गणितात मांडले. केवढी मोठी झेप! पण ते शून्य लिहिण्याआधी कुणीतरी जाऊन विचारलेलं असावं लागतं.

नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त दिसण्याची हीच अट ईश्वराला लावली. जो डोळ्यांना दिसण्याजोगाच नाही, तो दिसत नाही म्हणून नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. एवढ्यानं 'आहे' सिद्ध होत नाही, हेही ते जाणून होते. त्यासाठी त्यांनी वेगळी अनुमानं दिली. ती मला अजून पटलेली नाहीत. तरी देवाच्या नावापुढे शून्य लिहायला माझा हात धजत नाही. तिथं नन आहे, आणि माझं विचारणं चालू आहे.