परदेशातील एकटेपणा आणि संतुष्टी

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या ज्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथून वंदना आटोपून मी निघालो होतो. पिंपरीच्या एका माउलीने मला थांबवले. तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. चाकणच्या एका कारखान्यात तो फिटर होता. दोन वर्षांपूर्वी एकटाच जर्मनीला गेला. ती म्हणाली, “सर, पोरगं फोनवर म्हणतं, मी इथं समाधानी आहे. आमच्याबिगर तो समाधानी कसा? विसरला का आम्हांला?”

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

समाधान हा शब्द आपल्या वाडवडिलांना फार महाग पडला आहे. वाट्याला आले ते गोड मानून घ्या, हे पूर्वजन्मीचे भोग आहेत, असे त्यांना पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. ते समाधान नव्हते. ती लाचारी होती. म्हणून आपल्या घरांत हा शब्द उच्चारला की मनात शंका येते. परंतु तथागतांनी मंगलसुत्तात संतुष्टीची गणना मंगलांमध्ये केली आहे. मग ही संतुष्टी कोणती?

बाबासाहेबांचेच उदाहरण पाहू. १९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. रमाई व घरची माणसे मागे मुंबईत. १९१६ साली ते लंडनला गेले. त्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नमूद केले आहे. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा पारशी सरायीतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात राहायला जागा मिळेना. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. परक्या मुलखात आपल्याला जी शांती लाभते, तिचा एक भाग माणुसकीच्या वागणुकीचा असतो. तेथे कोणी आडनाव ऐकून जात शोधत नाही. त्या मुलाला हे सुख मिळाले असेल, तर तो त्याचा अपराध कसा? ते त्याला येथेच मिळायला हवे होते.

मात्र ही शांती जागेवर अवलंबून असते, म्हणून ती पुरत नाही. जात माणसांबरोबर समुद्र ओलांडते. अमेरिकेतील सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

टिकाऊ भाग दुसरा आहे. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. पैशाची ओढाताण, पोटाला अपुरे अन्न, आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. स्वतःच्या गरजा त्यांनी अगदी थोड्या ठेवल्या. न्यूयॉर्कला जडलेली नवल भथेनांची मैत्री अडचणीत कामी आली. १९२३ साली ते परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. स्वतःपुरते थोडक्यात भागवणारा हा पुरुष आपल्या माणसांवरील अन्यायाबाबत मात्र एक क्षणही संतुष्ट नव्हता. गरजांबाबत संतोष आणि अन्यायाबाबत असंतोष, या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात.

मंगलसुत्तात संतुष्टीच्या लगतच कृतज्ञता आली आहे. मला वाटते, पारख येथेच आहे. ज्या समाधानाने मन आखडते, मागची माणसे ओझे वाटू लागतात, ती निव्वळ सुखवस्तू वृत्ती. ज्या समाधानाने मनात इतरांना जागा होते, ती संतुष्टी.

पुढच्या पौर्णिमेला ती माउली पुन्हा भेटली. मी विचारले, “ताई, तो फोनवर आणखी काय बोलतो?” ती म्हणाली, “धाकटीच्या फीचं विचारतो. गावाकडून नवीन आलेल्या एका पोराला खोलीत ठेवून घेतलंय म्हणतो.”

“मग तो तुम्हांला विसरलेला नाही,” मी म्हणालो.

“पण परत येईल का, सर?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते त्याचे त्यालाच द्यायचे आहे. तोवर त्याच्या समाधानाचा राग न धरणे, ही आपल्याही मैत्रीभावनेची परीक्षा आहे.