साधू, अ.पा.क. अण्णा

हरणाच्या मागे लागून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. प्रभू रामचंद्र सुवर्णमृगाच्या मागे गेले आणि पुढचं सगळं रामायण घडलं. पंडुराजाने हरणांच्या जोडीवर बाण सोडला, त्यातलं हरीण म्हणजे रूप पालटलेला ऋषी निघाला आणि राजाच्या संसारावर कायमचा शाप बसला. दुष्यंत हरणामागे रथ पळवत आश्रमाशी पोचला. त्याला शकुंतला मिळाली हे कबूल, पण पुढे अंगठी हरवली आणि भर दरबारात ओळख पटेना. हा प्रकार आम्हां बँकवाल्यांना नवा नाही. आमच्याकडे अंगठीऐवजी पासबुक असतं, इतकाच फरक.

इतकी थोर माणसं जिथे फसली, तिथे साधूची काय कथा?

साधू हे एका कुत्र्याचं नाव आहे. बारामती तालुक्यात सुप्याच्या बाजूला माझी बदली झाली, तेव्हा बिऱ्हाड पुण्यातच ठेवून मी अण्णांच्या वाड्यात एक खोली भाड्याने घेतली. अण्णा हायस्कुलातून संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गुरुदक्षिणा म्हणून कारवानी जातीचं एक पिल्लू आणून दिलं. ते दिवसभर उन्हात डोळे मिटून बसायचं, म्हणून अण्णांनी त्याचं नाव साधू ठेवलं. सहा महिन्यांत साधूचे पाय लांब झाले, पोट पाठीला लागलं आणि चेहरा मार्चअखेरच्या अकौंटंटसारखा निमुळता झाला. नाव तेवढं जुनंच राहिलं.

कारवानी म्हणजे नजरेने शिकार हेरणारं कुत्रं. वासाच्या मागे नाक घासत जाणं त्याला कमीपणाचं वाटतं. लांबवर काही हललं की संपलं! पिढ्यान्‌पिढ्या माणसानेच ससे आणि हरणं धरण्यासाठी ही जात निवडून निवडून घडवली. साधूच्या भाऊबंदांपैकी मुधोळ कुत्र्याचं तर 2005 साली टपाल खात्याने तिकीट काढलं. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही. पकडणं, हाकणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे ज्या गुणासाठी तिकिटावर फोटो, त्याच गुणासाठी गुन्हा. साधूला यातलं काहीच ठाऊक नाही. तो तिकीट चाटत नाही आणि कायदा वाचत नाही.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली ते जाहीर झालं. क्षेत्रफळ सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे चिंकारा राहतो. वीस-पंचवीस किलोचं नाजूक, बदामी रंगाचं हरीण. धोका दिसला की पुढचा पाय आपटतं आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतं. अभयारण्यात कुत्रं न्यायचा प्रश्नच नाही. पण अभयारण्याची हद्द चिंकाऱ्यांना कुणी लेखी कळवलेली नाही. त्यामुळे ते आसपासच्या माळावर, शेताच्या बांधावर खुशाल चरतात. आणि त्याच माळावर अण्णांना सकाळी फिरायला आवडतं.

एका सकाळी अण्णांनी माळावर पोचताच साधूच्या गळ्यातली दोरी सोडली. "जरा मोकळा पळू दे बिचाऱ्याला," असं ते म्हणाले. कुत्रं त्यांचं, दोरी त्यांची, मी भाडेकरू. "समोर काहीतरी हललं," एवढं मी म्हणेपर्यंत साधू निघालाही होता. पुढे एक चिंकारा मादी, मागे साधू, आणि त्याच्या मागे अण्णांचा आवाज. संस्कृतचे मास्तर असल्यामुळे त्यांनी तशाही प्रसंगी संबोधन विभक्ती सोडली नाही. "साधो! हे साधो!" अशी हाक माळावर घुमली. साधू थांबला नाही. रस्त्याने जाणारा एक गोसावी तेवढा थांबला.

पंधरा-वीस मिनिटांनी साधू परत आला. जीभ हातभर बाहेर, तोंडात काही नाही, चेहऱ्यावर परमानंद. अण्णांचाही जीव भांड्यात पडला. "सुटलं हो हरीण! काही झालं नाही," ते म्हणाले.

तिथे एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उभा होता. त्याचं स्वतःचं कुत्रं मेंढरांच्या सावलीत पडून हा सगळा तमाशा पाहत होतं. तो म्हणाला, "सुटलं खरं, मास्तर. पर ते गेलं पार वढ्याच्या पल्याड. पाडस हितंच आसंल कुठंतरी गवतात. त्याला दूध कोन पाजनार, तुमी?"

अण्णा गप्प झाले. चिंकाऱ्याचं पाडस पहिले काही आठवडे गवतात निपचित पडून राहतं आणि आई मधून मधून येऊन त्याला पाजून जाते, हे त्या माणसाला पुस्तक न वाचता माहीत होतं. मग तोच म्हणाला, "हितनं हला आता. मानूस दिसलं तर ती यायची न्हाई." आम्ही हललो. ती आली की नाही, हे आम्हांला कळायचं काही साधन नव्हतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर अण्णांनी माझ्यापुढे थेट प्रश्न टाकला. "सांगा बँकवाले, पाप कुणाचं?"

आता हा प्रश्न खरं तर कीर्तनकाराला विचारायचा. पण आमच्याही धंद्यात, रक्कम बुडाली की ती कुणाच्या नावे टाकायची, हा प्रश्न रोजचाच आहे. म्हणून मी हिशेबाला बसलो.

साधूच्या नावे टाकता येत नाही. पाठलाग हा त्याच्या रक्तातला आहे. बघणं, दबा धरणं, धावणं, पकडणं ही साखळी त्याने लांडग्याकडून वारशाने घेतली आणि माणसाने तिच्यातली धावण्याची कडी मुद्दाम जाड केली. शिवाय महाभारताची सुरुवातच पाहा. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू आलं. त्याने हवीला तोंड लावलं नव्हतं, तरी राजाच्या भावांनी त्याला बडवलं. सरमा जाब विचारायला आली आणि शाप देऊन गेली. ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. म्हणजे कुत्र्याला उगाच मारू नये आणि सोडू नये, हे व्यासांनी पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या आसपास लिहून ठेवलंय.

अण्णा खूश झाले. "मग प्रश्नच मिटला!"

"अण्णा, त्या दोन्ही गोष्टींत समोर हरीण नव्हतं," मी म्हटलं.

त्यावर अण्णांनी लांडगा काढला. या माळावर लांडगे आहेत, आणि ते चिंकाऱ्यामागे धावतातच. "त्यांना कोण दोरी बांधतो? मग साधूनेच काय घोडं मारलंय?"

मुद्दा बिनतोड वाटतो, पण ताळेबंद मांडला की फरक दिसतो. लांडगा स्वतःच्या भांडवलावर धंदा करतो. पाठलाग फसला तर त्याची ताकद गेली, आणि रात्री पोटही रिकामं. त्यामुळे कुठे धावायचं आणि कुठे सोडून द्यायचं, याचा त्याला विचार करावा लागतो. साधू धावतो तो घरच्या दूधभाकरीवर. पाठलाग फसला तरी वाडगा भरलेलाच; उद्या पुन्हा ताजातवाना. दुसऱ्याच्या पैशावर सट्टा खेळणाऱ्याला तोटा ठाऊक नसतो. तोटा जातो चिंकाऱ्याच्या खात्यात. उन्हाळ्यात, जेव्हा ते गवतापाल्यातल्या ओलाव्यावर दिवस काढतं, तेव्हा अशी एक दौड त्याला परवडणारी नसते. दमछाक आणि भीती यांनी हरीण सुटल्यानंतरही मरू शकतं. म्हणून "सुटलं, काही झालं नाही" हे वाक्य म्हणजे अर्धीच नोंद. जमेची बाजू लिहिली, खर्चाची कोरी.

"मग मी त्याला जन्मभर बांधून ठेवू?" अण्णा कळवळून म्हणाले. "मोकळेपणाचं काही मोल आहे की नाही?"

मोल आहेच. त्यांच्या आवाजातलं दुःखही खरं होतं. साधूला मोकळं धावताना पाहणं हे अण्णांचं या वयातलं मोठं सुख आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या पायांनी पळता येतं. पण नेमकं तिथेच मला कोडं उलगडल्यासारखं वाटलं. आपलं कुत्र्यावर प्रेम आहे, असावंच. पण त्या प्रेमाचा हप्ता हरणाने का भरायचा? या व्यवहारात त्याची सही कुठेच नाही.

बँकेत अल्पवयीन मुलाचं खातं उघडलं की त्याच्या नावापुढे आम्ही 'अ.पा.क.' लिहून पालकाचं नाव लिहितो. अज्ञान पालनकर्ता. मूल अज्ञान आहे, त्याच्यावर ठपका नाही. पण सही पालकाची आणि जबाबदारीही पालकाची. साधूचं खातं हे असंच आहे. तो निर्दोष आहे म्हणून प्रश्न मिटत नाही. तो निर्दोष आहे म्हणूनच तो अण्णांकडे येतो. दोरीच्या दोन टोकांपैकी ज्या टोकाला विचार करता येतो, त्या टोकाला हिशेब द्यावा लागतो.

अण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "उद्या बाजारातून कासरा आणू."

पुढचं शिक्षण मात्र वेदान्तापेक्षा अवघड निघालं. तीस फुटी कासरा आला. तो गळ्याला न बांधता छातीला पट्टा शिवून त्यात अडकवला, म्हणजे धावता धावता हिसका बसून मान मोडायला नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं चरायला निघतात, म्हणून त्या वेळा सोडून फिरायचं ठरलं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आपण वाट बदलायची. आणि मनसोक्त धावण्यासाठी भिंत घातलेला एक रिकामा वखारीचा आवार मिळाला. तिथे चेंडू फेकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉमर्सचा पदवीधर असून माझ्या शिक्षणाचा दुसरा काही उपयोग अण्णांना दिसत नव्हता.

मुख्य गोष्ट म्हणजे शिट्टी. एकदा साधू सुटला की हाका मारणं फुकट असतं. तो उर्मट नसतो. धावणं हेच त्याला बक्षीस असतं, आणि ते त्याला मिळतच असतं. म्हणून जे करायचं ते सुटण्याआधी. कान टवकारले, शेपूट थांबली, अंग ताठ झालं, त्याच क्षणी शिट्टी; वळून पाहिलं की ताबडतोब खाऊ. खाऊही तसाच जबर हवा. अण्णांच्या शुद्ध शाकाहारी घरातला शिळ्या पोळीचा तुकडा सशापुढे टिकेना. शेवटी सुका बोंबील नेमण्यात आला. तो वाड्यात ठेवायला बंदी, म्हणून माझ्या शर्टाच्या खिशात. तेव्हापासून माझ्या काउंटरसमोरची रांग लक्षात येण्याइतकी आखूड झाली आहे.

अण्णांचा एक जुना शालेय संस्कार मोडायला सगळ्यांत वेळ लागला. कुत्रं हुंदडून परत आलं की त्याला छडी द्यायची, असं त्यांचं मत होतं. पण कुत्र्याला वाटतं, मार बसला तो परत आल्याबद्दल. पुढच्या वेळी ते परतच येत नाही. थकबाकीदार पैसे भरायला आला की त्याला चारचौघांत झापणाऱ्या एका शाखेची वसुली कशी झाली, हे मी अण्णांना सांगितलं. छडी पुन्हा कोनाड्यात गेली.

परवा माळावर आमच्यापुढून ससा उठला. साधूचे कान उभे राहिले, अंग थरथरलं. अण्णांनी शिट्टी वाजवली. साधूने सशाकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि वळला. कासरा सैलच राहिला. ससा करवंदीच्या जाळीत गेला.

अण्णांना आनंद झाला, पण घरी येताना ते विचारात होते. "हे काही खरं पुण्य नव्हे हो. त्याने ससा सोडला तो बोंबलासाठी. निष्काम कर्म कुठं आहे यात?"

मी म्हटलं, "अण्णा, हप्ता वेळेवर आला की आम्ही पावती फाडतो. तो कुठल्या भावनेनं भरला, यासाठी पावतीवर रकाना नसतो."

अण्णा हसले. पण कासरा त्यांनी हातावर आणखी एक वेढा देऊन धरला होता.