कोपऱ्यावरचा कपडा

प्लायवूडच्या होडीत पाणी सगळ्यात आधी कोपऱ्यातून शिरतं. तळाची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात, तिथे प्लायवूडची कापलेली कड येते आणि त्या कडेला सगळ्या पातळ थरांची तोंडं उघडी असतात. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय आणा, तरी उघडी कड हळूहळू पाणी पितेच. त्यात होडी रोज वाळूवरून ओढायची, म्हणजे घासणार तोही कोपराच. म्हणून तिथे फायबरचा कपडा लावतात.

आमचं वेसावे अंधेरीच्या पश्चिमेला, रस्ता संपून खाडी लागते तिथे. मोठ्या होड्या लाकडी फळ्यांच्या. जुनी माणसं फटींत कापूस आणि राळ भरत, वरून मुशीचं तेल चोपडत. पण मोठ्या होडीपर्यंत जायला-यायला, खाडीत खेकडे धरायला लहान होरी लागते. होडीला आम्ही होरी म्हणतो. ती कित्येकजण घरच्या घरी प्लायवूडची ठोकून घेत. फायबर मारायला मात्र माझ्या बाबांना बोलावणं यायचं.

हे काम मे महिन्यातलं. जूनमध्ये मोठ्या होड्यांची मासेमारी बंद होते, हवा दमट होते, लाकूड सुकत नाही आणि ओल्या लाकडाला रेझीन धरत नाही. बाबा आधी रंधा घेऊन कोपऱ्याची धार मोडायचे. सुताराला धारदार कोपऱ्याचा अभिमान असतो, पण काचेचा कपडा धारेवर वळत नाही. तो उचलला जातो, खाली हवा राहते आणि त्याच जागी पुढे पाणी साचतं. म्हणून कोपरा बोटाच्या टोकासारखा गोल करायचा, पॉलिश पेपर मारायचा, धूळ पुसायची. कपड्याची पट्टी विणीला तिरकी कापायची, म्हणजे ती वळणावर निमूट बसते. रेझीनमध्ये आधी कोबाल्ट घालून नीट ढवळायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. ही दोन्ही थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, म्हणून त्या बाटल्यांना मला हात लावायची परवानगी नव्हती. मी रोलर धरायचो.

रोलर फिरवताना एक गंमत दिसते. कोरडा कपडा पांढराशुभ्र असतो. रेझीन मुरत गेलं की तो पारदर्शक होतो आणि खालचं लाकूड, त्याच्या रेषा, खिळ्यांची डोकी, सगळं दिसायला लागतं. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली असं समजायचं. म्हणजे कपडा नीट बसला की नाही, हे तो स्वतःच सांगतो. खालचं लाकूड झाकलं जातं ते दुसऱ्या दिवशी रंग लागल्यावर.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१३ सालचा मे महिना. आमच्या ओळखीचे एक नाखवा होते. नाव सांगत नाही. त्यांनी स्वतः बांधलेली चौदा फुटी होरी विकायला काढली होती. घरात बायकोचं डायलिसिस चालू होतं, पैशाची घाई होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, खाडीपलीकडच्या मढ बाजूचा एक तरुण मुलगा. कोपऱ्यावरचा जुना कपडा सुटला होता, तेवढा नवा लावून द्यायचा होता. बाबांनी जुना कपडा ओढून काढला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो भिजलेल्या भाकरीत जावा तसा आत गेला. हातभर लांबीचा प्लाय काळा पडला होता.

बाबा म्हणाले, "नाखवा, कपडा लावीन. पन आधी ह्यो तुकडा कापून काढीन, नवा प्लाय जोडीन. आठवडा जाईल."

"आठवडा कुठला आनू? तुझं काम कपडा लावायचं. होरी ईकतंय कोन? मी. लोक मना इचारतील, तुला नाय."

"कुजलेल्यावर कपडा लावला का आतलं पानी आतच राहील. वरून चकचकीत, आतून भुगा."

नाखवा काही बोलले नाहीत. संध्याकाळी होरी घेऊन गेले. चार दिवसांनी ती किनाऱ्यावर निळ्या रंगात उभी होती. कुणीतरी कपडा मारून दिला होता. मुलगा आला, बोटाने टकटक करून बघितलं, पैसे दिले आणि होरी घेऊन पलीकडे गेला.

बाबांनी कपडा लावला नाही. पण त्या मुलाला काही सांगितलंही नाही. आईने रात्री विचारलं तेव्हा म्हणाले, "तो विचारायला आला असता तर सांगितलं असतं."

आई मासे विकणारी, बाजारात बसणारी. ती म्हणाली, "विचारायला त्याला ठाव तरी पायजे ना, काय विचारायचं ते."

मी पुष्कळ पुस्तकं नंतर वाचली. त्यात हाच वाद सापडला. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक घर विकायला काढलेलं आहे. लाकूड खराब, घर पडायला आलेलं, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगावं का? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. घेणाऱ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, त्याने बघून घ्यावं. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, हे तर वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून वाईट. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा मधली वाट धरतो. मुद्दाम झाकणं ही फसवणूक; नुसतं गप्प राहणं मात्र फसवणूक नाही, जोवर बोलणं हे तुमचं कर्तव्य ठरत नाही तोवर.

सगळं अडतं ते या शेवटच्या अटीवर. बोलणं कर्तव्य कधी ठरतं? नाखवा विकणारे होते, त्यांचं ठरत होतं. ज्याने कपडा मारला त्याने तर स्वतःच्या हाताने झाकलं. "मी फक्त कपडा लावला" हे म्हणणं टिकत नाही, कारण त्या कपड्यावाचून ते खोटं उभंच राहिलं नसतं. पण बाबांचं काय? ना विकणारे, ना घेणारे, ना झाकणारे. त्यांनी आपला हात काढून घेतला. तेवढ्याने माणूस मोकळा होतो का?

बाबांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांच्या एका शब्दाने सौदा मोडला असता आणि त्या पैशावर एका बाईचं रक्त साफ होत होतं. कोळीवाड्यात एकमेकांच्या धंद्यात जीभ घालणाऱ्याला कुणी जवळ करत नाही, उद्या दर्यात त्याच माणसांच्या मदतीची गरज पडते. आईही बोलली खरी, पण मढच्या बाजूला तीही गेली नाही. नाखवांच्या बायकोला डबा तीच पोचवायची.

आणि पुढे काय झालं? काहीच नाही. त्या मुलाने दोन हंगाम होरी चालवली, खाडीतच चालवली, मग मोडीत काढली आणि रिक्षा घेतली. आमच्याकडे काहीजण अजून म्हणतात, बघा, उगाच अडून बसला होता. मला हे पटत नाही. होरी बुडाली नाही याचं श्रेय खाडीच्या उथळ पाण्याला, कपडा लावणाऱ्याला नाही. त्या मुलाला ठाऊक असतं तर त्याने कदाचित कमी पैशात तीच होरी घेतली असती, कोपरा बदलला असता. किंवा नसतीही घेतली. तो निवाडा त्याचा होता, जीव त्याचा होता. तो निवाडा त्याच्या हातून काढून घेतला गेला, ते नुकसान त्याच दिवशी झालं. पुढे होरी तरंगली काय, बुडाली काय.

म्हणून मला वाटतं, आईचं वाक्य सिसेरोच्या तोडीचं आहे. ज्याला दिसतं आणि ज्याला दिसत नाही, ते दोघे सारखे नसतात. बाजारात पापलेटचा भाव जास्त सांगितला तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातं, तिथे गप्प राहिलात तर चालेल. पण रंगाखालचा प्लाय गिऱ्हाईकाला कुठल्याच टोपलीत दिसत नाही. जिथे फक्त तुम्हीच पाहिलंय आणि दुसऱ्याचा जीव त्यावर बसणार आहे, तिथे तुमचं पाहणं हीच तुमची जबाबदारी होते. ती होरी कुणाची, सौदा कुणाचा, याने ती कमी होत नाही. बाबांनी नाखवांनाच सांगता आलं असतं: तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन, आणि कमी पडतील ते पैसे गल्लीत फिरून गोळा करू. कठीण होतं, पण अशक्य नव्हतं. आमच्या गल्लीने याहून मोठ्या रकमा जमवल्या आहेत.

बाबांनी यावर माझ्याशी कधी वाद घातला नाही. मात्र पुढच्या मे महिन्यापासून त्यांनी एक रीत पाडली. कपडा लावून झाला की होरी एक दिवस रंगाशिवाय ठेवायची. मालकाला सांगायचे, "जो हिच्यात बसनार हाय त्याला उद्या सकाळी घेऊन ये. लाकूड दिसतंय तोवर बघून घेऊ दे." कुणी कुरकुर करायचे, एक दिवस फुकट जातो म्हणायचे. बाबा रंगाचा डबा उघडायचे नाहीत.