दारू न मिळणारा मुलूख

कोकणात काय, मराठवाड्यात काय, एक उपाय अजूनही सर्रास सुचवला जातो. पोरगा पितो, डोक्यावर कर्ज झालंय, बायको माहेरी जाऊन बसलीय. मग एखादा मामा म्हणतो, 'सौदीला धाडा त्याला. तिथं थेंब मिळत नाही, आपोआप सुटेल.' एजंटाचे पैसे भरले जातात आणि भाचा अल खर्जला येऊन पोचतो.

मामा अगदीच चुकीचा नाही. सौदी अरेबियात 1952 पासून दारूबंदी आहे. रियाधच्या आग्नेयेला सुमारे 80 किलोमीटरवरचं अल खर्ज म्हणजे वाळवंटातलं दूधदुभतं. भर उन्हाळ्यात इथल्या गोठ्यांत गायींवर पाण्याचे फवारे आणि पंखे चालू ठेवतात. अशा गावात दारूचं दुकान कुठलं! चोरून गाळलेली मिळत नाही असं नाही, पण सापडलात तर तुरुंग आणि मग परतीचं विमान.

मामाच्या हिशेबात पहिल्या दोन-तीन रात्री मात्र नसतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसू लागतात. औषधाविना हे जिवावरही बेतू शकतं. नवा आलेला भाचा चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो आणि 'एसीचा गारठा बाधला' म्हणतो. खोलीतल्या जुन्यांना कळायचं ते कळतं; पण डॉक्टरला खरं सांगितलं तर नोकरी जाईल, या धास्तीनं सगळेच गप्प बसतात. रियाधमध्ये व्यसनांवरच्या उपचारांचं सरकारी रुग्णालय ऐंशीच्या दशकापासून आहे, हे त्या खोलीत कुणाच्या कानावरही नसतं.

तेवढं निभावलं की पुढची दोन वर्षं बरी जातात. अंग भरतं, घरी पैसे पोचतात, मामा गावभर सांगत फिरतो. आणि सुटीवर आलेला भाचा आठवड्याच्या आत पुन्हा बाटलीला लागतो. 'मनाचा कच्चा,' असा निकाल मग झटकन दिला जातो. मला तो पटत नाही.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी अभ्यास केला होता. 1971 मध्ये परतलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के जण तिथं अफू-हेरॉइनच्या आहारी गेल्याचं सांगत होते. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम 5 टक्के पुन्हा त्यात अडकले. गर्द ज्या वातावरणात ओढली, ते वातावरण, ते सोबती, ती भीती, सगळं समुद्रापार राहिलं होतं. आपल्या भाच्याचं नेमकं उलटं आहे. त्याचं व्हिएतनाम गावातच आहे: तोच नाका, तेच मित्र, संध्याकाळची तीच वेळ, बापाशी तेच भांडण. अल खर्जमध्ये त्याला दारू नाकारायची वेळच आली नाही, म्हणून नाकारायचा सरावही झाला नाही. त्यात शरीराची सहनशक्ती उतरलेली. पूर्वीइतकीच प्यायला बसला तर ती जास्त चढते, जास्त घातक ठरते.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात माणूस 35 दिवस राहतो. दोन वर्षांपुढे हे 35 दिवस किती थोडे! पण तिथं दारू तोडण्याबरोबर बोलणंही होतं, आणि समोर बसलेल्या समुपदेशकांतले बरेचजण स्वतः त्यातून बाहेर आलेले असतात. बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण दारू एकानं प्यायली तरी घरातल्या सगळ्यांच्या वागण्याला तिचं वळण पडलेलं असतं. नंतरचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो. घसरला तरी दार बंद होत नाही. घसरणं हा या आजाराचाच भाग धरलेला असतो, गुन्हा नव्हे.

म्हणून सौदीला पाठवूच नका, असं मी म्हणणार नाही. दोन कोरडी वर्षं हे भांडवलच आहे, मेंदूला आणि यकृताला सावरायला तेवढी उसंत मिळते. फक्त त्या काळात कुणी त्याच्याशी दारूबद्दल बोलायला हवं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या मीटिंग आता ऑनलाइनही भरतात, त्या मोबाइलवर सुटीच्या दिवशी सहज ऐकता येतात. सुटीचं तिकीट काढतानाच घरच्यांनी ठरवावं, विमानतळावर कोण जाईल, पहिली संध्याकाळ कुठं काढायची, मामाच्या मटणाच्या जेवणावळीत बाटली असेल की नाही. शेवटचा प्रश्न मामालाच विचारावा.