खेळांतलें वचन

खेळांत दिलेलें वचन बंधनकारक असतें काय? प्रश्न पोरकट वाटेल, हें आम्ही जाणतों. महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, पण वर्गांत हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. गेल्या मे महिन्यांत बोर्ली पंचतन येथील वडिलोपार्जित घराच्या ओटीवर तो आमच्यापुढें उभा राहिला.

खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं तयार केलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. यांत बुद्धिबळाप्रमाणें कोणी कोणावर मात करीत नाहीं. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, धर्मोपासक, चोर अशीं सोंगें घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपलें सोंग काय बोलेल व काय करील तें प्रत्येकानें सांगावयाचें, आणि जेथें यशाची शंका असेल तेथें वीस बाजूंचा फांसा निर्णय देतो. दक्षिण कोंकणांतील दशावतार ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ही रीत अगदींच परकी वाटणार नाहीं. तेथेंही आख्यान ठरलेलें असतें, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात.

१९८४ च्या उन्हाळ्यांत, मामांनीं अमेरिकेहून आणलेली या खेळाची पेटी घेऊन आम्ही बोर्लीस गेलों. वय चौदा वर्षांचें, ओटीवर पांच भावंडें, मध्यें कंदील. आम्ही योद्धा झालों. धाकटा चुलतभाऊ जखमा बऱ्या करणारा धर्मोपासक झाला. सुटीच्या अखेरच्या रात्रीं भुयारांतून पळतांना त्यानें लोखंडी दार एकट्यानें रोखून धरलें, म्हणून आम्ही चौघे वांचलों. दार बंद झालें व तो आंत राहिला. "पुढच्या मे महिन्यांत येऊन तुला सोडवूं," असें आम्हीं सर्वांदेखत सांगितलें. पुढच्या मे महिन्यांत दहावीचा अभ्यास आला, मग महाविद्यालय, मग नोकरी. पुढें वाडीच्या वाटण्या झाल्या आणि आम्हां दोघांतलें बोलणें लग्नपत्रिकेपुरतें उरलें.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घराचीं कौलें उडालीं. माळा उपसतांना चुलतभावास ती पेटी सांपडली. कागदांचा लगदा झाला होता. फांसे मात्र त्यानें धुऊन जपून ठेवले. त्याची कन्या पुण्यास शिकते व मैत्रिणींबरोबर हाच खेळ नव्या नियमांनीं खेळते. यंदा तिनें आग्रह केला, "काका, बसा ना." आम्ही बसलों. चुलतभाऊ खांबाशीं सुपारी कातरीत होता. मान वर न करितां तो म्हणाला, "दादा, मी अजून त्या दाराआडच आहें. कधीं काढणार होतास मला?"

सर्व हंसले, पण आम्हांस हंसूं येईना.

आम्हीं मनांत बचाव मांडून पाहिला. खेळांतल्या तरवारीनें रक्त येत नाहीं, खेळांतल्या चोरीबद्दल कोणी चोर ठरत नाहीं. मग वचनच तेवढें खरें कां धरावें? योहान हौझिंगा यानें १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' ग्रंथांत खेळाचें एक लक्षण असें दिलें आहे कीं तो स्वेच्छेचा असतो. सक्ती आली कीं खेळपण गेलें. हा आक्षेप लहान नव्हे.

परंतु आमच्या परंपरेंत हरिश्चंद्राची कथा आहे. त्यानें स्वप्नांत राज्य दान केलें आणि जागा झाल्यावर तें खरें मानलें. आमच्यासारख्या संसारी माणसास हा अतिरेक वाटतो; आणि स्वप्नांतल्या प्रत्येक शब्दास मनुष्य बांधला गेला तर जगणें कठीण होईल, हेंही खरें. तथापि स्वप्न एकट्याचें असतें, खेळ एकट्याचा नसतो. तरवारीचा घाव सोंगानें सोंगावर घातला होता. तो खेळांतच मिटला. वचनाचें तसें नव्हतें. "सोडवूं" हें योद्ध्यानें धर्मोपासकास म्हटलें. "पुढच्या मे महिन्यांत येऊं" हें मात्र एका मुलानें दुसऱ्या मुलास सांगितलें होतें. दार खोटें होतें, वाट पाहणारा खरा होता. खेळ स्वेच्छेचा, हें कबूल. पण कोणीं आपली वाट पाहावी असें स्वेच्छेनें सांगितल्यावर ती स्वेच्छाच आपल्याला बांधते.

म्हणून अनेक वर्षांनीं जुन्या खेळाकडे परतणें म्हणजे निव्वळ बालपणाची हौस, असें आतां आम्हांस वाटत नाहीं. पेटीबरोबर आपण माणसेंही माळ्यावर टाकलेलीं असतात. वाडीच्या हद्दीचा वाद ओटीवर बसल्यानें सुटत नाहीं, आणि आमचा सुटलाही नाहीं. परंतु ज्यानें आपल्यासाठीं दार रोखून धरलें होतें, त्याच्याशीं पोफळीच्या चार ओळींसाठीं अबोला धरतांना आपण त्यास किती थोडें ओळखीत होतों, हें त्या रात्रीं कळलें.

चुलतभावानें अडकित्ता खालीं ठेवला आणि फांसा आमच्या हातीं दिला. आम्हीं तो टाकला. दोन पडले, दार उघडलें नाहीं.

"राहूं दे," तो म्हणाला, "पुढच्या मे महिन्यांत पाहूं."

या खेपेस आम्हीं तारीख ठरवूनच बोर्ली सोडलें.