शुद्ध करावं ते किती?

निबंधस्पर्धा जवळ आली की जुन्नर-आंबेगावात घरोघरी एक पाप राजरोस चालतं: मुलाचा निबंध मोठी माणसं ‘जरा छान करून’ देतात. मी मराठी शिकवते, आणि याला पापच म्हणते.

भीमाशंकरच्या बाजूच्या एका मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीवर लिहिलं होतं. आई बाळहिरडा गोळा करते, तो अंगणात वाळत पडतो, वळवाचं आभाळ आलं की सगळं घर तो गोळा करायला धावतं. पक्क्या प्रतीत हिरडा ‘वनसंपदेचे अनमोल वरदान’ झालेला. आई गेली, अंगण गेलं. शुद्धलेखन मात्र एकदम चोख!

अशा वेळी नाथमहाराज आठवतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. पुढे तीनशे वर्षं नकला होत गेल्या, पाठ बिघडले, कुणाकुणाची भर पडली. नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. एकनाथी भागवत लिहिणाऱ्या माणसाला चार ओव्या जड होत्या का? तरी हात आवरला. दुसऱ्याचं लिखाण तपासणं ही मला अहंकाराची परीक्षा वाटते, ती यामुळेच.

अर्थात मूळ कुठलं आणि भर कुठली, हेही नाथांनीच ठरवलं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली नाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, त्यावर वाद झालेच. नुसतं गाळायचं म्हटलं तरी आपली आवड मध्ये येतेच. म्हणून मी गाळतही नाही, विचारते. हिरडा वाळायला किती दिवस लागतात? भाव कोण ठरवतं? पोरगा डोकं खाजवतो आणि दोन ओळी वाढवतो. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी, तेही त्याच्याच हातून.

माझं माहेर आळ्याचं. वेद बोललेल्या रेड्याची समाधी तिथेच आहे. रेड्याच्या तोंडून वेद वदवणं हा ज्ञानेश्वरांचा अधिकार; पोराच्या तोंडून आपली भाषणं वदवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तेव्हा पालकहो, वही हवी तितकी वाचा, हवं ते विचारा. पेन मात्र पोराच्याच हातात राहू द्या.